सुपरचार्जर घेण्याआधी एक पान गणित

दिवाळीत नातेपुत्याला गेलो की मावसभाऊ माझ्यासाठी एक तरी प्रश्न राखून ठेवतो. या वेळी जेवताना त्याने विचारलं, "दादा, माझ्या एट हंड्रेडला सुपरचार्जर बसवला तर शिंगणापूरचा घाट तिसऱ्यावर चढेल का?" गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. भंगारातून निघालेल्या एका परदेशी गाडीचा सुपरचार्जर त्याला कुणीतरी देणार होतं. ब्रॅकेट, बेल्ट, पुली, पाइप धरून चाळीसेक हजारांत काम होईल, असा त्याचा हिशोब होता. गाडी विकायला काढली तर तेवढेही येतील की नाही, शंका आहे.

मी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं, "०.३ बार बूस्ट दिला तर तीस टक्के जास्त हवा जाईल, म्हणजे तीस टक्के जास्त ताकद. चढेल की." तो दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्स द्यायला निघाला होता. रात्री झोपण्याआधी वहीचं एक पान भरलं आणि सकाळी उठल्याबरोबर आधी त्याला थांबवलं. ते पान आज तुमच्यासमोर ठेवतोय. तुमच्यापैकी बरेच जण पेट-नेटच्या तयारीत आहेत आणि पुढे सिनॉप्सिस लिहिणार आहेत. "अमुक वाढवलं की तमुक वाढेल" हे वाक्य त्यात हमखास येतं, आणि मी जेवताना बोललो ते नेमकं तसंच वाक्य होतं.

आधी इंजिन आज किती हवा घेतं ते काढू. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, फोर स्ट्रोक. क्रँकच्या दोन फेऱ्यांत इंजिन एकदा पूर्ण भरतं. ५००० आरपीएमला मिनिटाला २५०० वेळा, म्हणजे साधारण १९९० लिटर. पण सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाही. ८० टक्के भरतो असं धरू. नातेपुते समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. उन्हाळ्याचे ३५ अंश धरले तर एक घनमीटर हवेचं वजन १.०८ किलो येतं. गुणाकार केला की इंजिनात सेकंदाला जवळपास २९ ग्रॅम हवा जाते. तेरा ग्रॅम हवेमागे एक ग्रॅम पेट्रोल, पेट्रोलची ऊर्जा किलोला ४४ मेगाज्यूल, आणि त्यातली पाव भाग कामी येते असं मानलं तर हाती २४ किलोवॅट येतात, म्हणजे ३२-३३ हॉर्सपॉवर. या इंजिनाचा कागदावरचा आकडा ३७ च्या आसपास आहे. आपला आकडा उंचीवरच्या आणि उन्हाळ्यातल्या हवेचा, म्हणून थोडा कमी. ही पडताळणी आवर्जून करा. आहे ती गोष्ट तुमच्या गणितातून बरोबर निघत नसेल, तर पुढच्या अंदाजावर विसंबण्यात अर्थ नाही.

आता सुपरचार्जर. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये ज्या ब्लोअरचं पेटंट घेतलं, स्वस्तात मिळणारे बहुतेक सुपरचार्जर त्याच घराण्यातले. दोन रोटर एकमेकांत फिरतात आणि हवा एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकतात. साध्या रूट्समध्ये हवा आत दाबली जात नाही. पलीकडच्या पाइपात आधीच दाबाखाली असलेली हवा उलटी घुसते तेव्हा ती दाबली जाते. यात बरीच ऊर्जा नुसती उष्णता होऊन वाया जाते. कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर फार अन्याय होत नाही.

०.३ बार बूस्ट म्हणजे दाब १.३१ पट. माझे तीस टक्के इथूनच आले होते. पण हवा दाबली की तापते. आदर्श कॉम्प्रेसरमध्ये ती २५ अंशांनी तापली असती, आपल्या रूट्समध्ये ४५ अंशांनी. ३५ ची हवा ८० अंशांची झाली. घनता दाबाबरोबर वाढते आणि केल्विनमधल्या तापमानाबरोबर घटते: १.३१ गुणिले ३०८ भागिले ३५३. उत्तर १.१५. तीसचे पंधरा टक्के झाले. निम्मा बूस्ट हवा तापण्यातच गेला.

पुढे अजून कापाकापी आहे. पंधरा टक्के म्हणजे ३.६ किलोवॅट. ती हवा दाबायला लागणारी ताकद बेल्टमधून, म्हणजे त्याच इंजिनातून येते: सुमारे १.५ किलोवॅट. यातला एक किलोवॅटपर्यंतचा भाग परत मिळतो, कारण सक्शन स्ट्रोकला दाबाची हवा पिस्टनला खाली ढकलते. हे मी पहिल्या फेरीत विसरलो होतो आणि सुपरचार्जरवर अन्याय केला होता. बेरीज-वजाबाकी करून हाती तीनेक किलोवॅट उरतात, म्हणजे चार हॉर्सपॉवर. बेल्ट, गिअर, बेअरिंग यांचं घर्षण अजून धरलेलंच नाही.

मग इंटरकूलर लावा की! हवा ५० अंशांवर आणली तर घनता १.२५ पट होते आणि निव्वळ फायदा पाच किलोवॅटच्या पुढे जातो. पण कार्ब्युरेटर इथे आडवा येतो. तो सुपरचार्जरच्या आधी ठेवला तर जोडणी सोपी आणि स्वस्त, मात्र पुढच्या सगळ्या पाइपात पेट्रोलमिश्रित हवा असते. त्यात इंटरकूलर घालणं म्हणजे बॅकफायरसाठी मोठा डबा भरून ठेवणं. कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या नंतर ठेवला तर फ्लोट चेंबरलाही बूस्टचा दाब द्यावा लागतो, आणि पेट्रोल पंपाचा दाब बूस्टच्या वर ठेवावा लागतो. नाहीतर ऐन चढावर पेट्रोलच पोचत नाही, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जळतो. "बजेटमध्ये" हा शब्द असा आपल्याला पंधरा टक्केवाल्या रस्त्यावर परत आणून सोडतो.

नॉकिंगचा प्रश्न याहून मोठा आहे. या इंजिनाचं कॉम्प्रेशन रेशो ८.७. तेवढं दाबल्यावर हवेचं केल्विनमधलं तापमान दुपटीच्या थोडं वर जातं. म्हणजे सुपरचार्जरने आधी दिलेले ४५ अंश स्पार्क पडण्याच्या वेळी पंचाण्णवच्या आसपास होतात. मिश्रण ठिणगीआधी किंवा ज्योत पोचायच्या आत स्वतःच पेटतं आणि टकटक सुरू होते. ती थांबवायला टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे मिळवलेले तीन किलोवॅट पुन्हा सांडायचे. "आपल्याकडे ऊस आहे, इथेनॉल आहे," असं भाऊ म्हणाला, आणि यात तथ्य आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढतं. पण त्याला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. शिवाय जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि डायफ्रॅम त्यासाठी बनवलेले नाहीत.

त्याला मिळणारा सुपरचार्जर ईटनचा एम४५ होता. मिनी कूपर एसच्या १.६ लिटर इंजिनावर हाच असायचा. एका फेरीत सुमारे ७४० सीसी हवा. आपल्या इंजिनाला क्रँकच्या एका फेरीला लागणार ३६५ सीसी. म्हणजे सुपरचार्जर इंजिनापेक्षा हळू फिरवावा लागेल. रोटरच्या फटींतून होणारी गळती वेळेवर अवलंबून असते, फेऱ्यांवर फारशी नाही. हळू फिरवलं की उचललेल्या हवेतला मोठा हिस्सा गळतो, आणि तोही नेमका कमी आरपीएमला, जिथे घाटात ताकद हवी असते. जपानमध्ये सुबारूने विविओच्या ६५८ सीसी इंजिनातून सुपरचार्जर लावून ६४ हॉर्सपॉवर काढली होती, पण तिथे सुपरचार्जर, इंटरकूलर आणि इंजेक्शन सगळं त्या इंजिनाच्या मापाचं होतं.

ऑनलाइन मिळणाऱ्या "इलेक्ट्रिक सुपरचार्जर"बद्दल दोनच वाक्यं. दीड किलोवॅटला १२ व्होल्टवर १२५ अँपिअर लागतात. चार अँपिअरचा पंखा ४८ वॅट घेतो. पुढचं तुम्हीच करा.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला मर्यादा घालतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळाच.

तरीही समजा बसवला, तर फायदा झाला हे कळणार कसं? भाऊ म्हणाला, घाटात वेळ लावू. कल्पना चांगली आहे, पण ३८ अंशांच्या दुपारची हवा २० अंशांच्या पहाटेच्या हवेपेक्षा सहा टक्के विरळ असते. "आधी"चं मोजमाप दुपारी आणि "नंतर"चं पहाटे घेतलं, तर सहा टक्के सुपरचार्जरच्या नावावर फुकट जमा होतील. आपण शोधतोय ते पंधरा. टायरमधली हवा, गाडीतली माणसं, टाकीतलं पेट्रोल हे त्यावर. म्हणून तीच वेळ, तीच माणसं, प्रत्येक स्थितीत किमान पाच चढाया, आणि पाचांत आपसात किती फरक पडतो ते आधी बघायचं. तो फरकच दहा टक्के निघाला, तर पाच चढायांत पंधरा टक्क्यांबद्दल ठामपणे बोलणं अवघड.

ही "आधी"ची मापं घ्यायची म्हणून मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन गेज आणला. पहिला सिलिंडर १२, दुसरा १२, तिसरा ८. स्पार्क प्लगच्या भोकातून तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहिलं, तरी आकडा हलला नाही. रिंग गेली असती तर ऑइलने फट भरून तो वर आला असता. म्हणजे व्हॉल्व्ह गळतोय. ज्या इंजिनाचा एक सिलिंडर अर्धवट काम करतोय, त्याला आम्ही वरून हवा कोंबायला निघालो होतो.

हेड खोललं, व्हॉल्व्ह घासून घेतले, हेड गॅस्केट नवीन, टॅपेट सेट केले. खर्च चाळीस हजारांच्या जवळपासही गेला नाही. घाट आता बराचसा तिसऱ्यावर निघतो, असं भाऊ फोनवर सांगतो. पण पाच चढाया त्याने अजून केलेल्या नाहीत, एकच केली आहे, आणि तीही पहाटे.