फी भरण्याआधी

चाळिशीच्या उंबरठ्यावर ऑनलाइन पदवी घेऊन आयटीकडे वळायचं म्हटलं, की पहिला फोन येतो तो एखाद्या अ‍ॅपच्या ‘काउन्सेलर’चा. तो गोड बोलतो. पण पदवी त्याची कंपनी देऊ शकत नाही, विद्यापीठच देतं. म्हणून यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचं सत्र, तिन्ही मान्य यादीत आहेत का ते स्वतः पाहा. असतील, तर २०२०च्या नियमांनुसार या पदवीचा दर्जा नेहमीच्या पदवीइतकाच. बीसीए, एमसीए ऑनलाइन होतं. बीटेक होत नाही. कुणी ते विकत असेल तर सरळ फोन ठेवा.

आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम २०२०मध्ये सुरू झाला. जेईई लागत नाही, वयाची अट नाही. चार आठवड्यांच्या पात्रता फेरीतच गणिताशी आपला किती घरोबा उरलाय ते कळतं. मध्येच थांबलात तरी टप्प्यानुसार प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हाती राहतो. व्हिडिओ रात्री जेवणं उरकल्यावर बघता येतात. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, बहुधा रविवारी. लग्नसराईतल्या तारखा आधीच बघून ठेवलेल्या बऱ्या.