चिठ्ठीवरचे 'ओ. डी.'

चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठीवर 'ओ. डी.' आणि 'ओ. एस.' ही अक्षरे अनेकांनी पाहिली असतील. ती लॅटिन भाषेतील आहेत. 'ऑक्युलस' म्हणजे डोळा. 'ऑक्युलस डेक्स्टर' म्हणजे उजवा डोळा, 'ऑक्युलस सिनिस्टर' म्हणजे डावा. 'ओ. यू.' असेल तर दोन्ही डोळे.

'डोळा' मराठीत पुल्लिंगी, तसाच 'ऑक्युलस'ही पुल्लिंगी. कान मात्र लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी. म्हणून उजवा कान 'ऑरिस डेक्स्ट्रा' होतो. आपण 'उजवा डोळा' पण 'उजवी भुवई' म्हणतो, तसेच हे.

घोटाळा पुढेच आहे. गोळ्यांच्या चिठ्ठीवर 'ओ. डी.' म्हणजे दिवसातून एकदा! मग डोळ्यांच्या थेंबांपुढे तीच अक्षरे असतील तर काय समजावे? काचबिंदूच्या रुग्णाने भलत्याच डोळ्यात औषध घातले, तर आजारी डोळा औषधावाचून राहतो.

म्हणून अंदाज बांधू नये. कोणता डोळा, किती थेंब, दिवसातून किती वेळा, हे डॉक्टरांना विचारून मराठीत लिहून घ्यावे. आणि उजवा डोळा म्हणजे रुग्णाचा उजवा. समोर उभे राहून औषध घालणाऱ्याच्या उजव्या हाताकडचा नव्हे.