वेडी ठरवलेली पटाचारा

कुणाचं मूल गेलं की आपण भेटून येतो आणि चारच दिवसांनी म्हणतो, ‘आता सावर गं!’ तेव्हा मला पटाचारा आठवते. बुद्धांच्या काळातली ही श्रावस्तीची सावकारकन्या. कथा सांगते, की नवरा, दोन मुलं, आई-वडील, भाऊ तिने पाठोपाठ गमावले. वस्त्राचंही भान सुटलं. लोकांनी वेडी म्हणून हाकललं. बुद्धांनी जवळ येऊ दिलं. भिक्षुणी होऊन ती संघाच्या नियमांची, म्हणजे विनयाची, अग्रगण्य जाणकार ठरली. भिक्षुणींच्या ‘थेरीगाथा’ या काव्यसंग्रहात तिच्या गाथा आहेत, शिवाय तिने उपदेश केलेल्या ३० भिक्षुणींच्याही! जिला गावाने हाकललं, तीच इतरजणींचा आधार झाली. मैत्रिणींनो, ‘सावर’ म्हणण्याआधी शेजारणीचं थोडं ऐकून घेऊया ना?