‘दूध पुरत नाही’ म्हणण्यापूर्वी

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की दोन-तीन दिवसांतच अनेक घरांतून एक वाक्य ऐकू येते, ‘हिला दूधच नाही, बाळ उपाशी राहते.’ त्याच संध्याकाळी पावडरचा डबा आणि बाटली घरात येते. मजुरीच्या पैशाचा डबा चार दिवस जास्त पुरावा म्हणून दूध पातळ होते. बाटली नीट उकळली जात नाही. बाळाला जुलाब लागतात. शिवाय बाटलीने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते आणि आईचे दूध खरोखरच आटू लागते. म्हणून माताभगिनींना आणि त्यांच्या घरच्यांना आम्ही सांगू इच्छितो, की यातल्या बहुतेक मातांना दूध पुरेसे येऊ शकते. आधी बाळाची पकड तपासा.

पहिले दोन-तीन दिवस घट्ट, पिवळसर चीक येतो. तो थोडाच असतो, पण बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. हा चीक बाळाचे रोगांपासून रक्षण करतो. तो पिळून टाकू नये. मध, गुळाचे पाणी, घुटी काहीही चाटवू नये. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरपूर उतरते. सिझेरियन झालेल्या मातेला थोडा उशीर लागू शकतो.

पकड कशी पाहावी? बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे, डोके आणि अंग एका रेषेत असावे. बाळाने तोंड मोठे उघडले की त्याला छातीजवळ आणावे. नुसती बोंडी तोंडात देऊन भागत नाही, भोवतालचा काळा भागही आत गेला पाहिजे. हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो. पाजताना सतत दुखत असेल, चिरा पडत असतील तर पकड चुकली आहे. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कडेने आत सारून त्याला सोडवावे आणि पुन्हा लावावे. छाती दाटून टणक झाली असेल तर कोमट कापडाने शेकून हाताने थोडे दूध काढावे. काळा भाग मऊ झाला की बाळाला पकडता येते. काढलेले दूध टाकू नये, वाटी-चमच्याने पाजावे.

२४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावे, रात्रीही. स्तन जितका रिकामा होतो तितके दूध तयार होते. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाकाठी सहा किंवा जास्त वेळा लघवी करते आणि त्याचे वजन वाढते आहे, तर दूध पुरते असे समजावे. नुसत्या रडण्यावरून ठरवू नये.

आता घरातल्या पुरुषांसाठी आणि सासूबाईंसाठी. वेदनेने आणि काळजीने पान्हा अडतो. टोमण्यांनी काळजी वाढते. बापाने रात्री उठून लंगोट बदलावा, ढेकर काढावा, आईला पाणी द्यावे. एकाच खोलीचे घर असेल तर पाजण्याच्या वेळी पाहुण्यांना बाहेर बसवावे. बाळंतिणीला पोटभर भाकरी-भाजी आणि दुपारची झोप मिळू द्यावी.

आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्यासमोर बाळाला पाजून दाखवावे. बाळ दूध ओढत नसेल, जागे होत नसेल, लघवी कमी असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आईचा स्तन लाल होऊन ताप आला तरीही तसेच करावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काही मोठ्या रुग्णालयांत मातृदुग्ध पेढी असते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती १९८९ साली सुरू झाली.

क्वचित एखाद्या मातेला खरोखरच दूध कमी येते. डॉक्टरांनी पावडर लिहून दिली तर ती डब्यावरच्या मापानेच, उकळलेल्या पाण्यात द्यावी. त्यात आईचा कसलाही कमीपणा नाही. मात्र कुणी फुकट डबा देऊ केला तर घेऊ नये. १९९२ च्या कायद्याने अशा नमुन्यांना आणि जाहिरातींना बंदी आहे.

डब्याच्या पैशात बाळंतिणीच्या ताटात डाळ, अंडी आणि पालेभाजी वाढता येईल. पहिले पंधरा दिवस घराने तिला साथ द्यावी, एवढेच आमचे सांगणे.