हत्ती गेला, शेपूट राहिले

पुण्यात मेट्रो येणार की नाही, ह्या वादात एक पिढी शाळेतून कचेरीत गेली. अखेर ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी अशा दोन तुकड्यांवर गाडी धावू लागली. १ ऑगस्ट २०२३ रोजी ती जिल्हा न्यायालय ओलांडून रुबी हॉलपर्यंत पोहोचली, ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीस गेली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटच्या भुयारी मार्गाचे उद्घाटन झाले. सुमारे ३३ किलोमीटरचा आणि ३० स्थानकांचा पहिला टप्पा असा उभा राहिला. त्यासाठी मुठेच्या पात्राखालून बोगदा खणावा लागला, पेठांतील जुन्या वाड्यांच्या पायाखालून वाट काढावी लागली आणि जिल्हा न्यायालयाचे स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल न्यावे लागले. अभियंत्यांच्या ह्या कर्तबगारीबद्दल पुणेकरांनी त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

परंतु स्थानकाच्या शेवटच्या पायरीवरून रस्त्यावर पाऊल टाकले की ही कर्तबगारी संपते. पदपथ असतो, पण त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात. जेथे दुचाकी नाही तेथे विजेची पेटी असते आणि जेथे पेटी नाही तेथे उखडलेली फरशी असते. रस्ता ओलांडण्याचे पांढरे पट्टे एक तर पुसट झालेले असतात, किंवा ते नेमके दुभाजकाच्या कठड्यावर जाऊन आदळतात. नदीच्या तळाखालून जी गाडी प्रवाशास सुखरूप आणते, तिच्यातून उतरल्यावर समोरच्या फुटपाथावर पोहोचण्यासाठी त्यास जीव मुठीत धरावा लागतो. हजारो कोटी रुपयांचा हत्ती गेला आणि शेपूट मात्र दारात अडकून राहिले, असे हे दृश्य आहे.

ह्या अडचणीवर सामान्यतः एकच उपाय सुचविला जातो. प्रत्येक स्थानकाशेजारी भव्य वाहनतळ बांधा, म्हणजे लोक मेट्रोने जातील! ही मागणी पुष्कळ सुशिक्षित नागरिक करतात आणि ती वरवर पाहता रास्तही वाटते. म्हणून तिचा विचार थोड्या हिशेबाने केला पाहिजे. हा हिशेब शाळेतल्या त्रैराशिकापलीकडचा नाही. एक मोटार उभी करण्यास, तिच्या येण्याजाण्याची वाट धरून, सुमारे २५ चौरस मीटर जागा लागते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एका एकरात फार तर १६० मोटारी मावतील. सकाळी नऊ वाजता लावलेली मोटार सायंकाळी सहालाच हलते आणि तिच्यातून बहुधा एकच गृहस्थ उतरतो. उलट, पुणे मेट्रोच्या तीन डब्यांच्या एका गाडीत ९०० हून अधिक प्रवासी मावतात. एक एकर जमीन दिवसभर अडकवून आपण एका गाडीचा सहावा हिस्साही भरू शकत नाही. कर्वे रस्त्यावर, डेक्कनवर किंवा मंडईजवळ असा मोकळा एकर आणावयाचा कोठून, हा प्रश्न आणखी निराळाच.

मुंबईकडे पाहिले तर हाच धडा अधिक स्पष्ट होतो. दादर, घाटकोपर, अंधेरी ह्या स्थानकांवर दररोज लक्षावधी माणसे चढतात आणि उतरतात. ती मोटारी लावून येत नाहीत. ती पायी येतात, बसने येतात, वाटून घेतलेल्या रिक्षाने येतात. तेथील चालणे सुखाचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण आगगाडीस प्रवासी पुरवितात ते पाय, वाहनतळ नव्हेत, ही गोष्ट मुंबईने गेल्या शतकातच सिद्ध केली आहे. परदेशातही ज्या शहरांनी स्थानकाशेजारची जागा विचारपूर्वक वापरली, त्यांनी ती मोटारींस दिली नाही. हॉलंडमधील उट्रेख्ट येथे रेल्वे स्थानकाखाली १२,५०० सायकलींचा तळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. तेवढ्या मोटारी उभ्या करावयाच्या तर सुमारे ७७ एकर जमीन लागली असती. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्याने तरी हे उदाहरण परके मानू नये.

ह्याचा अर्थ वाहनतळ कोठेच नकोत, असा नाही. वनाज, रामवाडी, पिंपरी ह्यांसारखी स्थानके शहराच्या कडेला आहेत. त्यांच्यापलीकडे राहणाऱ्या माणसास चार-सहा किलोमीटर चालत या, असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय. अशा ठिकाणी दुचाक्यांसाठी आणि सायकलींसाठी सुरक्षित, छपराचा, माफक दराचा तळ हवा. एका मोटारीच्या जागेत अनेक दुचाक्या राहतात, हेही लक्षात ठेवावे. मात्र शहराच्या मध्यावरील स्थानकांजवळची जागा ही चालणारांची, बसची आणि रिक्षांच्या थांब्याची आहे. तेथे मोटारींचा तळ बांधणे म्हणजे गर्दी हटविण्यासाठी गर्दीलाच आमंत्रण देणे होय.

चालण्याचा हिशेबही मांडून पाहावा. साधारण माणूस मिनिटाला ऐंशी मीटर चालतो. म्हणजे अर्धा किलोमीटर सहा-सात मिनिटांचा आणि आठशे मीटर दहा मिनिटांचा रस्ता आहे. नळ स्टॉप, गरवारे महाविद्यालय किंवा मंडई स्थानक केंद्र धरून एवढ्या अंतराचे वर्तुळ काढले, तर त्यात शाळा, महाविद्यालये, बाजार, दवाखाने आणि दाट लोकवस्ती सहज येते. ही माणसे स्थानकाची हक्काची प्रवासी होत. पण दहा मिनिटांची वाट जर चार वेळा फुटपाथावरून खाली उतरावयास लावीत असेल आणि दोन वेळा भरधाव वाहनांपुढे उभी करीत असेल, तर तीच माणसे निमूटपणे दुचाकीची किल्ली उचलतात. मेट्रोचा प्रवासी स्थानकात नव्हे, घराच्या दारातच हरवतो.

काही स्थानकांच्या बाबतीत तर वर्तुळ काढूनही भागत नाही. डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही दोन स्थानके मुठेच्या काठाला लागून आहेत. पलीकडे नारायण आणि शनिवार पेठेतील घरे दिसतात, पण मध्ये नदी आहे. नकाशावर हाकेच्या अंतरावर असलेला प्रवासी पुलाचा वळसा घेऊन आला, तर त्याचा वेळ गाडीतल्या वेळाहून अधिक मोडेल. म्हणूनच तेथे नदीवर पादचारी पूल आखावे लागले. स्थानक कोठे आहे ह्यापेक्षा त्याच्याकडे जाणारी वाट कोठून आहे, हेच शेवटी महत्त्वाचे ठरते, ह्याचा ह्याहून ठळक दाखला सापडणार नाही.

हे सारे सरकारदरबारी ठाऊक नाही काय? उत्तम प्रकारे ठाऊक आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्यास प्राधान्य द्यावे, असे सांगितले. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेने पदपथाची निर्वेध रुंदी किमान १.८ मीटर ठरवून दिली. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने स्थानकांभोवतीच्या पाच किलोमीटरच्या टापूत जोडबस, पायवाटा आणि सायकलमार्ग ह्यांची तरतूद राज्यांनी प्रकल्प अहवालातच करावी, अशी अट घातली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे बजावले. खुद्द पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता वाहनांस बंद ठेवून ती साजरा करीत आली. कागदावर चालणाराचा सन्मान झाला नाही असे म्हणवत नाही. परंतु वर्षातील एक दिवस रस्ता देऊन उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तो काढून घेणे, हा सत्कार पोळ्याच्या बैलासारखा आहे!

धोरणे इतकी असून रस्ता तसाच का राहतो, ह्याचे कारण आमच्या मते पैशाच्या अभावात नसून जबाबदारीच्या वाटणीत आहे. स्थानकाचा जिना मेट्रोचा, जिन्याखालचा पदपथ महापालिकेचा, चौकातला दिवा आणि पट्ट्यावरची शिस्त वाहतूक पोलिसांची, बसथांबा परिवहन महामंडळाचा आणि विजेची पेटी वीज कंपनीची. नागरिकाने तक्रार करावी तर पाच दारे ठोठवावीत आणि प्रत्येक दारातून चौथ्याकडे बोट दाखविलेले पाहावे. त्यात आणखी एक योग जुळून आला. ज्या मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली, त्याच महिन्यात महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली. पहिल्या टप्प्याची एकामागून एक स्थानके उघडत गेली, तेव्हा त्या त्या प्रभागात ‘आमच्या गल्लीतून स्थानकावर जावयाचे कसे?’ असे ज्यास विचारावे, असा निवडून दिलेला प्रतिनिधीच नव्हता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ही सबब उरलेली नाही.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, प्रत्येक स्थानकाभोवतीच्या पाचशे मीटरच्या वर्तुळास एकच जबाबदार अधिकारी नेमावा आणि त्याचे नाव व दूरध्वनी स्थानकाच्या दारावर लिहावा. पदपथ सलग आहे काय, उतार चाकाच्या खुर्चीस चढता येईल असा आहे काय, दिवे लागतात काय, पट्टे दिसतात काय, बस स्थानकाच्या दाराशी थांबते की दोनशे मीटर पुढे, ह्या पाच प्रश्नांची उत्तरे त्याने दर तीन महिन्यांनी नगरसेवकांपुढे ठेवावीत. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ करून महापालिकेने स्वतःच दाखवून दिले आहे की, मनात आणले तर हे काम तिला जमते. जे एका रस्त्यास साधले, ते तीस स्थानकांच्या दारांशी साधावे, एवढेच मागणे आहे.

दुसरी सूचना अधिक अप्रिय आहे. रस्त्याच्या कडेला फुकट वाहन लावण्याची सवय मोडली पाहिजे. मार्च २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सशुल्क वाहनतळाचे धोरण मंजूर केले. त्यावर एवढा गदारोळ झाला की, अंमलबजावणी वर्षानुवर्षे रेंगाळली. त्या गदारोळात सर्वच पक्षांचे लोक होते आणि आमचा सुशिक्षित मध्यमवर्गही मागे नव्हता. भाजी आम्ही विकत घेतो, पाणी आणि वीज विकत घेतो. मग शहरातील सर्वांत महाग जमिनीचा बारा चौरस मीटर तुकडा आम्हांस दिवसभर विनामूल्य मिळालाच पाहिजे, हा हक्क आम्ही कोठून आणला? वाहन लावण्यास दाम पडू लागला की चालण्याचे आणि मेट्रोच्या तिकिटाचे मोल आपोआप कळू लागेल. मात्र हा पैसा महापालिकेच्या सामान्य खजिन्यात बुडता कामा नये. तो त्याच रस्त्याच्या पदपथावर खर्च झालेला दिसला, तरच लोक तो देतील.

ह्यावर आक्षेप येतील. वृद्धांनी काय करावे? पावसाळ्यात कसे चालावे? रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीने काय करावे? हे आक्षेप खरे आहेत, पण ते चालण्याच्या विरोधातले नसून वाईट रस्त्याच्या विरोधातले आहेत. वृद्धास सपाट फरशी, मध्ये बसावयास बाक आणि रस्ता ओलांडण्यास पुरेसा वेळ हवा. त्यास जिन्याचा उंच पूल देणे ही सोय नव्हे, शिक्षा होय. पावसास झाडे आणि छपरे हवीत. रात्रीच्या वाटेस दिवे हवेत आणि माणसांचा वावर हवा. म्हणूनच स्थानकाबाहेरच्या प्रत्येक फेरीवाल्यास हुसकून लावा, ह्या मताचे आम्ही नाही. चहाची टपरी आणि फुलवालीची टोपली ही रात्री नऊ वाजता त्या वाटेची राखणदारच असते. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्यांना जागा नेमून देण्याची वाट दाखविली आहे. ती जागा पदपथाची १.८ मीटर रुंदी सोडून आखावी, म्हणजे दोघांचेही भागेल.

हा प्रश्न केवळ झालेल्या स्थानकांचा असता तर आम्ही तो एवढा लांबविला नसता. पण २०२३ मध्ये निगडीच्या, २०२४ मध्ये कात्रजच्या आणि २०२५ मध्ये चांदणी चौक व वाघोलीच्या विस्तारास केंद्राने मंजुरी दिली आहे. पुण्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला आणि मेट्रो धोरण त्यानंतर आले. तेव्हा पहिल्या टप्प्यातील उणिवांस वरातीमागून आलेल्या घोड्याचे निमित्त तरी सांगता येईल. पुढच्या स्थानकांस ते सांगता येणार नाही. पदपथ, चौक आणि बसथांबा सिद्ध असल्याखेरीज स्थानकाचे दार उघडू नये, असा दंडकच घालावा. फीत कापण्याची घाई पुढाऱ्यांना असेल, प्रवाशांना नाही.

शेवटी एक गोष्ट वाचकांस. पदपथावर लावलेली दुचाकी सरकारची नसते, ती आपणांपैकी कोणाची तरी असते. ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून ती तेथे लावणारा गृहस्थ घरी आल्यावर मेट्रोच्या गैरसोयीवर चवीने बोलतो. तिच्यामुळे रस्त्यात उतरावे लागलेली म्हातारी त्यास दिसत नाही, कारण तोपर्यंत तो दुकानात शिरलेला असतो. शहराची सुधारणा बोगद्याच्या खोलीवरून मोजण्याची सध्या पद्धत आहे. आमचे माप साधे आहे. सत्तर वर्षांच्या आजी आणि सात वर्षांची नात एकमेकींचा हात न सोडता घरापासून स्थानकापर्यंत चालत जाऊ शकल्या, की त्या दिवशी मेट्रो पुण्यात खऱ्या अर्थाने आली असे आम्ही समजू.