गेन म्हणजे आवाज नव्हे

द्वितीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीतल्या सबवूफरवर का लिहावे, असा प्रश्न आमच्या प्राध्यापकांना पडेल. कॉलेज सुटल्यावर सायंकाळी मी मोटारीत स्टिरिओ बसवणाऱ्या एका दुकानात काम करतो. गेल्या वर्षी माझ्या हातून एका गिऱ्हाइकाच्या सबवूफरची कॉइल जळाली. भरपाईत दोन महिन्यांचा पगार गेला आणि परीक्षेची फी आईच्या भिशीतून भरावी लागली.

गिऱ्हाईक म्हणाले होते, "जरा धमक वाढव." मी ॲम्प्लिफायरवरचा 'गेन'चा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला. तो आवाजाचा स्क्रू, अशी माझी पक्की समजूत! वास्तविक स्टिरिओकडून येणारा सिग्नल कोठे २ व्होल्टचा असतो, कोठे ४ चा. तो किती व्होल्टचा आला म्हणजे ॲम्प्लिफायरने पूर्ण ताकद लावायची, एवढेच गेन ठरवतो. तो गरजेपेक्षा जास्त ठेवला की मर्यादा लवकर गाठली जाते आणि गोलाईने चढणाऱ्या-उतरणाऱ्या लहरीचा माथा कापला जाऊन सपाट होतो. याला क्लिपिंग म्हणतात. लहर अगदी चौकोनी झाली, तर तिच्यात मूळच्या दुप्पट शक्ती असते आणि तिची उष्णता कॉइलला सोसावी लागते. गोम अशी, की सुरुवातीला कानाला ती 'धमक'च वाटते. मला कळले ते जळका वास आल्यावर.

आमचे उस्ताद गेन कानाने लावतात. माझा कान तसा तयार नाही, म्हणून मी दहावीतल्या सूत्राकडे वळलो. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॉट, हे मी तेव्हा पाठ करून दोन गुणांना विकले होते! समजा, सबवूफर ३०० वॉटचा, ४ ओहमचा आहे. ३०० गुणिले ४ म्हणजे १२००. त्याचे वर्गमूळ सुमारे ३४.६. इतके व्होल्ट मिळाले की थांबायचे. वॉट मात्र आरएमएस धरावेत. खोक्यावरचा मोठा आकडा गिऱ्हाइकासाठी असतो. ॲम्प्लिफायर त्याहून कमी ताकदीचा असेल, तर त्याचे वॉट धरावेत.

प्रथम सबवूफरच्या तारा सोडवाव्यात, बास बूस्ट बंद करावा, गेन तळाला न्यावा. स्टिरिओचा आवाज पाऊणपट ठेवून ५० हर्ट्झचा सलग सूर लावावा. आपल्या घरची वीजही ५० हर्ट्झचीच, त्यामुळे साधा मल्टिमीटर एसीवर ठेवून चालतो. त्याची टोके ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला लावून गेन हळूहळू वाढवावा.

परवा उस्तादांनी कानाने लावलेल्या गाडीला मी गुपचूप मीटर लावला. हिशेबाने हवे होते ३४.६, काटा थांबला ३३ वर. मागे उभे राहून उस्ताद म्हणाले, "दीड व्होल्ट कमीच ठेवतो मी. गिऱ्हाईक घरी जाऊन वाढवतंच."