ब्रेक चिकटल्यास : निदान व उपाय

ब्रेक न लागणे हा दोष वाहनधारकाच्या तत्काळ लक्षात येतो. लागलेला ब्रेक पूर्णपणे न सुटणे हा दोष मात्र अनेकदा दुर्लक्षित राहतो. गाडीने मायलेज कमी दिले किंवा ती जड चालू लागली, तर संशय इंजिनावर किंवा पेट्रोलवर घेतला जातो. प्रत्यक्षात एखादे चाक ब्रेकने धरून ठेवलेले असते.

हा दोष केवळ खर्च वाढविणारा नाही. सतत घासणाऱ्या ब्रेकची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ‘डॉट ३’ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. परंतु ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ तयार होते. वाफ दाबली जात असल्याने पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. अशा रीतीने न सुटणारा ब्रेक घाटाच्या उतारावर न लागणारा ब्रेक ठरू शकतो.

लक्षणे

गाडी एका बाजूला ओढली जाणे, उतारावर न्यूट्रलमध्येही ती सहज न घरंगळणे, जळकट वास येणे आणि एकच चाक इतरांपेक्षा बरेच अधिक तापणे ही प्रमुख लक्षणे होत. शक्यतो ब्रेक न वापरता काही अंतर गेल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळवा धरल्यास फरक जाणवतो. डिस्कला हात मात्र लावू नये. भाजण्याची शक्यता असते.

दोष कोठे आहे?

सुटे भाग बदलण्यापूर्वी दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरविणे आवश्यक असते. त्यासाठी सपाट जागी गाडी उभी करून, जमिनीवरील चाकांना ठोकळे लावून, एकेक चाक जॅकने उचलावे आणि हाताने फिरवून पाहावे. मागील चाक तपासताना हँडब्रेक सोडलेला असावा. पुढील चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढील चाक तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये असावी. डिस्क ब्रेकमध्ये हलकी घासण स्वाभाविक असते. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

मागील दोन्ही चाके जड असल्यास प्रथम हँडब्रेकची केबल पाहावी. ती गंजली असेल किंवा प्रमाणाबाहेर ताणली गेली असेल, तर दांडा खाली असूनही ब्रेक शू ड्रमला टेकून राहतात.

सर्वच चाके जड असल्यास दोष बहुधा पेडल, बूस्टर किंवा मास्टर सिलिंडरमध्ये असतो. पेडलला आवश्यक तेवढी मोकळी हालचाल नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील ऑइल परतण्याचे छिद्र उघडत नाही आणि दाब अडकून राहतो. ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले असल्यासही रबरी सील फुगून हाच परिणाम होतो.

एकच चाक जड असल्यास मेकॅनिकने त्या चाकाचा ब्लीडिंग निपल किंचित सैल करावा. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब अडकलेला होता असे समजावे. अशा वेळी रबरी होज आतून फुगून बंद झालेला असण्याची शक्यता मोठी असते. बाहेरून तो धडधाकट दिसू शकतो. निपल सैल करूनही चाक घट्टच राहिले, तर दोष यांत्रिक आहे.

उपाय

डिस्क ब्रेकमधील पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग नसते. ब्रेक लागताना पिळला गेलेला रबरी सील पूर्ववत होतो आणि पिस्टनला अगदी थोडे मागे आणतो. त्यामुळे पिस्टनवर थोडा गंज चढला तरी पॅड डिस्कला टेकून राहतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्या असतील, तर त्या स्वच्छ करून ब्रेकसाठीचे खास ग्रीस लावल्याने काम भागते. साधे ग्रीस रबर खराब करते. गंजलेल्या पिस्टनसाठी सील बदलणे किंवा नवा कॅलिपर बसविणे हाच उपाय होय. निपल सैल केल्यास अथवा होज बदलल्यास ब्रेकमधील हवा काढणे अनिवार्य असते. ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये. ती फुप्फुसांस अपायकारक असते.

दक्षता

किनारी प्रदेशात आणि पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. बदलीच्या नोकरीत किंवा लांबच्या रजेत गाडी अनेक दिवस उभी ठेवावी लागल्यास सपाट जागी ती पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत व हँडब्रेक सोडून ठेवावा. गाडी धुतल्यानंतर थोडी चालवून, हलके ब्रेक लावून ते कोरडे करावेत. ब्रेक ऑइल साधारणपणे दर दोन वर्षांनी अथवा उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार बदलावे.

सर्वसाधारण मोटार विमा पॉलिसीत झीज व यांत्रिक बिघाडाची भरपाई मिळत नाही. त्यामुळे या दुरुस्तीचा खर्च वाहनधारकालाच सोसावा लागतो. वेळीच पिनांची स्वच्छता केल्यास पॅड, डिस्क व कॅलिपर बदलण्याचा मोठा खर्च टळतो. वर्कशॉपमध्ये गाडी देताना कोणते चाक तापते, किती अंतरानंतर तापते आणि थंड झाल्यावर मोकळे होते काय, ही माहिती लेखी द्यावी. दुरुस्तीनंतर प्रथम मोकळ्या जागी, मंद गतीने ब्रेकची खात्री करून मगच गाडी रस्त्यावर आणावी.